कंटेनर चालू आहे, मग पान का उघडत नाही?

डॉकर पहिल्यांदा वापरणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. टर्मिनलवर कंटेनर चालू दिसतो, नोंदींमध्ये चूक नसते, पण ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप केलं की 'ही साइट उघडता येत नाही' एवढंच उत्तर मिळतं. मग आधी इंटरनेटवर संशय जातो, नंतर अँटिव्हायरस बंद करून पाहिला जातो आणि शेवटी सगळं पुसून पुन्हा बसवलं जातं. यातल्या कशाचीच सहसा गरज नसते. चूक एका आकड्याची असते आणि तो आकडा म्हणजे पोर्ट.

बुलढाण्याच्या चिखलीत हा प्रश्न दोन प्रकारच्या घरांत येतो. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प डॉकरमध्ये बांधणारी मुलं इथे आहेत. दुसरी घरं मार्केट यार्डाभोवतीची: अडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, सोयाबीन आणि हरभऱ्याचा व्यापार. तिथली पुढची पिढी हिशेबासाठी नवं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर लावून पाहते आहे. दोघांनाही कंटेनरच्या आत चाललेला प्रोग्रॅम आपल्या ब्राउझरपर्यंत आणायचा असतो. या कामाला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. जिथे मोठं अक्षर लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ठरवा: हे पान कोणाला दिसायला हवं?

आज्ञा शोधण्याआधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे.

- फक्त याच लॅपटॉपवर: प्रकल्प, सराव, सॉफ्टवेअरची चाचणी. बहुतेकांची गरज एवढीच असते.
- दुकानातल्या किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकावर, मोबाइलवर: काट्याजवळच्या माणसाने नोंद करायची आणि गादीवरच्या माणसाने ती पाहायची.
- कंटेनर दूरच्या सर्व्हरवर आहे, पण पाहणारे तुम्ही एकटेच: भाड्याचा सर्व्हर किंवा कंपनीचा सर्व्हर.
- जगात कोणालाही: याची गरज वाटते तेवढी वारंवार नसते आणि धोका सर्वात जास्त इथेच असतो.

पहिल्या गरजेसाठी चौथ्या प्रकारचं दार उघडून ठेवणं, ही या विषयातली सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

'लोकलहोस्ट' नेमकं कोणाचं?

सिद्धान्त एवढाच लागतो. प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क मिळतं. त्यामुळे कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर आणि तुमच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' म्हणजे तुमचा लॅपटॉप. नाव एकच असलं, तरी ही दोन वेगळी घरं आहेत.

यार्डातला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. गाळ्याला ८० क्रमांक आहे, माल भरलेला आहे, माणूस बसलेला आहे. पण यार्डाच्या भिंतीला त्या बाजूने दारच ठेवलेलं नसेल, तर रस्त्यावरून आलेल्या गाडीला गाळ्याचा क्रमांक माहीत असून उपयोग नाही. भिंतीला दार पाडायचं आणि 'या दाराने आलेली गाडी ८० नंबरच्या गाळ्यावर न्या' असं सांगून ठेवायचं, एवढंच पोर्ट फॉरवर्डिंगचं काम आहे.

काही जण कंटेनरचा १७२.१७ ने सुरू होणारा पत्ता शोधून काढतात आणि तोच ब्राउझरमध्ये टाकतात. लिनक्सवर हे चालतं. विंडोज आणि मॅकवर कंटेनर एका आभासी यंत्राच्या आत चालतात, त्यामुळे तो पत्ता तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय कंटेनर नव्याने तयार झाला की पत्ता बदलू शकतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

एक दार उघडून पाहा

सुरुवात एनजिनएक्स या छोट्या वेब सर्व्हरने करा. टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

डॉकर रन -डी --नेम टेस्ट -पी १२७.०.०.१:८०८०:८० एनजिनएक्स

इथला 'पी' लहान आहे, हे लक्षात ठेवा. त्यानंतरचे तीन भाग असे वाचा:

1. १२७.०.०.१ म्हणजे दार फक्त या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमसाठी उघडं आहे.
2. ८०८० म्हणजे तुमच्या बाजूचा क्रमांक. ब्राउझरमध्ये हाच टाकायचा.
3. ८० म्हणजे कंटेनरच्या आतला क्रमांक. तो प्रोग्रॅमने ठरवलेला असतो, तुम्ही नाही.

आता ब्राउझरमध्ये एचटीटीपी://लोकलहोस्ट:८०८० उघडा. एनजिनएक्सचं स्वागताचं पान दिसायला हवं. ते दिसलं नाही, तर 'लोकलहोस्ट'च्या जागी १२७.०.०.१ टाकून पाहा.

डावीकडचा आकडा तुमचा, उजवीकडचा कंटेनरचा. हे दोन उलटे लिहिले की आज्ञा बिनतक्रार चालते, पान मात्र उघडत नाही. हजारदा डॉकर वापरलेल्या माणसाकडूनही ही चूक होते. म्हणून पान उघडलं नाही की पहिली नजर इथेच टाका.

मोठा 'पी' वापरला, तर डॉकर स्वतःच एखादा मोकळा क्रमांक निवडतो. तो कोणता, हे 'डॉकर पोर्ट टेस्ट' या आज्ञेने कळतं. सरावासाठी ठीक आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

डॉकरफाइलमधल्या 'एक्स्पोज' या ओळीबद्दलही गैरसमज आहे. ती ओळ लिहिली म्हणजे दार उघडलं असं नाही. आतला प्रोग्रॅम कोणता क्रमांक वापरतो, याची ती फक्त नोंद आहे.

खऱ्या कामाचं उदाहरण: ईआरपीनेक्स्ट

दुकानाच्या हिशेबासाठी लोक कंटेनरमध्ये जे सॉफ्टवेअर लावून पाहतात, त्यात ईआरपीनेक्स्टचं नाव आघाडीवर असतं. ते मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने बांधलं आहे. ऋषभ मेहता यांनी ही कंपनी २००८ मध्ये सुरू केली. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली मिळतं. साठा, खरेदी, विक्री, खातेवही सगळं त्यात आहे आणि आज जगभर ते वापरलं जातं. महाराष्ट्रात तयार झालेल्या सॉफ्टवेअरचा हा अभिमानाने सांगावा असा दाखला आहे.

चाचणीसाठी फ्रॅपेचा 'फ्रॅपे डॉकर' नावाचा खुला संच आहे. तो गिटहबवरून उतरवून घ्या, त्या फोल्डरमध्ये जा आणि ही आज्ञा द्या:

डॉकर कंपोज -एफ पीडब्ल्यूडी.वायएमएल अप -डी

पहिल्यांदा बरंच उतरवलं जातं, म्हणून मोबाइलच्या डेटावर हे करू नका. चांगल्या वायफायवर एकदा उतरवा. दुसऱ्या संगणकावर न्यायचं असेल, तर 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने उतरवलेल्या प्रतिमा (इमेज) फाइलमध्ये साठवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि तिकडे 'डॉकर लोड'ने उघडा. पुन्हा उतरवायची गरज पडत नाही.

आज्ञा संपली म्हणजे काम संपलं असं नाही. आत नवी साइट तयार व्हायला काही मिनिटं लागतात. तोवर पान त्रुटीचा संदेश दाखवतं आणि अनेक जण इथेच धीर सोडून सगळं बंद करतात. थांबा, चहा घ्या, मग लोकलहोस्ट:८०८० उघडा. नाव 'ॲडमिनिस्ट्रेटर', पासवर्ड 'ॲडमिन'. हा पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे, कारण तो संचाच्या माहितीपत्रकात छापलेला आहे. आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.

या संचातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एका आज्ञेने त्यात अनेक कंटेनर उभे राहतात: मारियाडीबीचा डेटाबेस, रेडिस, मागचा सर्व्हर, पुढचा वेब सर्व्हर आणि आणखी काही. पण बाहेर दार एकच आहे, पुढच्या वेब सर्व्हरचं ८०८०. डेटाबेसला बाहेरून दारच ठेवलेलं नाही. बाकीचे कंटेनर एकमेकांशी आतल्या नेटवर्कवर नावाने बोलतात. स्वतःचा प्रकल्प बांधताना हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवा.

अडत दुकानात टॅली बहुधा असतेच. बाहेरच्या प्रोग्रॅमशी जोडणीसाठी टॅलीचं मूळ ठरलेलं पोर्ट ९००० आहे. ईआरपीनेक्स्टचा ताज्या सूचना पोहोचवणारा भागही आत ९००० वरच चालतो. एकाच लॅपटॉपवर दोन्ही चालवले तर भांडण होईल का? नाही. ईआरपीनेक्स्टचं ९००० कंटेनरच्या आत आहे, टॅलीचं लॅपटॉपवर आहे. कंटेनरचं ९००० बाहेर त्याच क्रमांकाने उघडाल, तरच धक्का लागेल.

आता एक बदल करा. पीडब्ल्यूडी.वायएमएल या फाइलमध्ये 'फ्रंटएंड' या भागाखाली 'पोर्ट्स' आहे. तिथे "८०८०:८०८०" लिहिलेलं असेल, त्याचं "१२७.०.०.१:८०८०:८०८०" करा, अवतरणचिन्हं तशीच ठेवा आणि वरची आज्ञा पुन्हा द्या. हा बदल का करायचा, ते पुढे येतं.

ही फाइल चाचणीपुरती आहे. दुकानाचा खरा हिशेब या मांडणीवर ठेवू नका. त्यासाठी त्याच संचात वेगळी मांडणी दिलेली आहे आणि रोजच्या बॅकअपची सोयही हवी.

पान उघडत नाही: या क्रमाने तपासा

टर्मिनलवर 'डॉकर पीएस' द्या. त्यातला 'पोर्ट्स' हा रकाना निम्मं निदान करून देतो.

- यादीत कंटेनरच नाही. तो सुरू होऊन बंद पडला आहे. 'डॉकर पीएस -ए' ने तो सापडेल, 'डॉकर लॉग्स' आणि पुढे त्याचं नाव दिलं की कारण दिसेल.
- रकान्यात फक्त '८०/टीसीपी' दिसतं, बाण नाही. दार उघडलेलंच नाही. 'पी' द्यायचं राहिलं आहे. चालू कंटेनरला नंतर पोर्ट जोडता येत नाही, तो काढून नव्याने तयार करावा लागतो. डेटा 'व्हॉल्यूम'मध्ये असेल, तर तो सुरक्षित राहतो.
- बाण आहे, तरी पान 'जोडणी तुटली' किंवा 'रिकामं उत्तर आलं' म्हणतं. इथे दोष सहसा आतल्या प्रोग्रॅमचा असतो. तो कंटेनरच्या आतल्या १२७.०.०.१ वरच ऐकत बसलेला असतो. गाडी गाळ्यापर्यंत येते, पण गाळ्याचं शटर आतून खाली आहे.
- 'पोर्ट आधीच वापरात आहे' असा संदेश. लॅपटॉपवर दुसरं काही त्या क्रमांकावर बसलं आहे. विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ', लिनक्सवर 'एसएस -एलटीएनपी' दिलं की कोण ते कळतं. सोपा उपाय म्हणजे डावा आकडा बदला: ८०८० ऐवजी ८०८१. उजव्याला हात लावू नका.
- ब्राउझर सुरक्षित जोडणीची तक्रार करतो. पत्त्यात 'एचटीटीपीएस' लागलं आहे. ते स्वतः काढून 'एचटीटीपी' टाइप करा.

तिसरा मुद्दा विद्यार्थ्यांना सर्वात जास्त छळतो. फ्लास्क ५००० वर, जँगो ८००० वर, व्हीट ५१७३ वर आणि ज्युपिटर ८८८८ वर चालतं. हे चारही स्वतःहून फक्त लोकलहोस्टवर ऐकतात. साध्या लॅपटॉपवर ते बरोबर आहे, कंटेनरमध्ये मात्र त्यांना ०.०.०.० वर ऐकायला सांगावं लागतं. फ्लास्कला '--होस्ट=०.०.०.०' द्या, जँगोच्या 'रनसर्व्हर'पुढे '०.०.०.०:८०००' लिहा, व्हीटला '--होस्ट' द्या, ज्युपिटरला '--आयपी=०.०.०.०'.

क्रमांक आधीच वापरात असण्याचीही ठरावीक कारणं आहेत. शिकणाऱ्यांच्या लॅपटॉपवर झॅम्प असतं, ते ८० आणि ३३०६ धरून ठेवतं. टॉमकॅट आणि ओरॅकल एक्सप्रेसची ११जी आवृत्ती दोघंही ८०८० मागतात. नव्या मॅकवर ५००० हा क्रमांक एअरप्ले घेतं, त्यामुळे फ्लास्क तिथे हमखास अडतं.

डेटाबेसपर्यंत पोहोचायचं असेल

हायडीएसक्यूएल किंवा डीबीव्हर या प्रोग्रॅममधून कंटेनरमधला डेटाबेस पाहायचा आहे, पण ३३०६ झॅम्पने व्यापला आहे. अशा वेळी पोर्टची ओळ "१२७.०.०.१:३३०७:३३०६" अशी लिहा. लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ३३०७ द्या.

पण तुमच्या प्रकल्पाचा दुसरा कंटेनर याच डेटाबेसशी बोलत असेल, तर त्याला ३३०७ आणि लोकलहोस्ट देऊन चालणार नाही. त्याने कंपोज फाइलमधलं सेवेचं नाव, उदाहरणार्थ 'डीबी', आणि आतलं पोर्ट ३३०६ वापरायचं. आतल्या आत बोलताना बाहेरच्या दाराचा संबंध येत नाही. उलट बाजूची गरज असेल, म्हणजे कंटेनरमधून लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला गाठायचं असेल, तर डॉकर डेस्कटॉपमध्ये 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे नाव वापरा.

घरी सुरक्षित, होस्टेलवर उघडं

आता त्या राहिलेल्या बदलाकडे येऊ. पत्ता न देता नुसतं '-पी ८०८०:८०' लिहिलं, तर डॉकर ते दार लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो. 'डॉकर पीएस'मध्ये ते ०.०.०.०:८०८० असं दिसतं.

चिखलीत घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवताना यात फारसं बिघडत नाही, कारण त्या नेटवर्कवर घरचीच माणसं असतात. तोच लॅपटॉप रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातो. तिकडे पिंपरी-चिंचवडमध्येही एक चिखली आहे आणि बुलढाण्याच्या चिखलीचे तरुण त्या भागात शिकायला, नोकरीला असतात. होस्टेलच्या वायफायला जोडल्याबरोबर तुमचं ८०८० त्या वायफायवरच्या इतरांसाठीही उघडं होऊ शकतं. पासवर्ड 'ॲडमिन'च राहिला असेल, तर वडिलांच्या दुकानाची खातेवही शेजारच्या खोलीतला कोणीही चाळू शकेल. पत्ता १२७.०.०.१ दिला असेल, तर लॅपटॉप कुठेही गेला तरी दार आतच राहतं.

एक गल्लत इथे टाळायला हवी. कंटेनरच्या आत प्रोग्रॅमला ०.०.०.० द्यायचं आणि बाहेर दाराला १२७.०.०.१ द्यायचं. पहिल्याने आतलं शटर उघडतं, दुसऱ्याने बाहेरचं दार फक्त तुमच्यापुरतं राहतं. दोन्ही ठिकाणी एकच पत्ता लिहिला, तर एक तर पान उघडणार नाही किंवा सगळ्यांना उघडेल.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर आपले नियम थेट खालच्या पातळीवर लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यूने बंद केलेलं पोर्टही डॉकरने उघडलं की उघडं राहतं. डॉकरच्या अधिकृत माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तसंच २८.० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये १२७.०.०.१ वर उघडलेलं पोर्ट त्याच स्विचवरच्या दुसऱ्या यंत्रालाही गाठता येत होतं. लिनक्सवर डॉकर इंजिन २८ किंवा त्यापुढचं ठेवा.

दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर दाखवायचं

हे करताना दार मुद्दाम मोठं करायचं असतं, म्हणून क्रम पाळा:

1. आधी सगळे मूळ पासवर्ड बदला.
2. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' देऊन लॅपटॉपचा पत्ता पाहा. समजा तो १९२.१६८.१.१५ आहे.
3. पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१ च्या जागी हाच पत्ता लिहा. असं केलं की दार फक्त दुकानाच्या नेटवर्कवर उघडतं.
4. विंडोज फायरवॉलने विचारलं, तर 'खासगी नेटवर्क'ला परवानगी द्या, 'सार्वजनिक'ला नाही.
5. दुसऱ्या संगणकावर एचटीटीपी://१९२.१६८.१.१५:८०८० उघडा.

राउटर लॅपटॉपला दुसरा पत्ता देऊ शकतो आणि मग कंटेनर सुरूच होत नाही. म्हणून राउटरमध्ये या लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवा. गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल, तर ते 'गेस्ट' नेटवर्कवर द्या.

कंटेनर दूर आहे, पाहणारे तुम्ही एकटे

भाड्याच्या सर्व्हरवर प्रकल्प ठेवणारे विद्यार्थी आणि घरून काम करणारे अभियंते इथे घाई करतात आणि सर्व्हरचं पोर्ट इंटरनेटवर उघडतात. त्याची गरज नाही. एसएसएच या जुन्या, भरवशाच्या साधनात हीच सोय आहे. हे साधन १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तातु युलोनेन यांनी बनवलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, त्यावरचा तो उपाय होता. विंडोज १० आणि ११ मध्येही त्याची आज्ञा मिळते.

सर्व्हरवर कंटेनर १२७.०.०.१:८०८० वर चालू ठेवा. मग आपल्या लॅपटॉपवर ही आज्ञा द्या. यात 'एन' आणि 'एल' ही अक्षरं मोठी आहेत:

एसएसएच -एन -एल ९०९०:१२७.०.०.१:८०८० वापरकर्त्याचं-नाव@सर्व्हरचा-पत्ता

मधला १२७.०.०.१ तुमचा नाही, सर्व्हरचा आहे. सर्व्हरवर पोहोचल्यावर कुठे जायचं, ते तो सांगतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:९०९० उघडा. सगळी वाहतूक कूटबद्ध होऊन जाते. खिडकी बंद केली की वाट बंद. मोबाइलची रेंज गेली की जोडणी तुटते, तेव्हा आज्ञा पुन्हा द्यायची.

कंपनीत कुबरनेटिस असेल, तर आज्ञा 'कुबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिस/सेवेचं-नाव ८०८०:८०' अशी असते. ती स्वतःहून फक्त तुमच्या लॅपटॉपवरच दार उघडते. तपासणीसाठी ती उत्तम आहे. कायमची सोय म्हणून तिच्यावर विसंबू नका, कारण मागचा पॉड बदलला की वाट तुटते.

सगळ्या जगाला दाखवायचं असेल

राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' चालू करून घरचा लॅपटॉप जगाला दाखवायचा प्रयत्न अनेक जण करतात आणि तो फसतो. कारण सहसा पुरवठादाराच्या नेटवर्कमध्ये असतं: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही अशा वाटणीत आहात. राउटरमध्ये कितीही बदल केलेत, तरी बाहेरची गाडी तुमच्यापर्यंत येणार नाही.

अशा वेळी पर्याय तीन. मोजक्या माणसांसाठी टेलस्केलसारखं खासगी जाळं. कोणालाही दाखवायचं पान असेल, तर क्लाउडफ्लेअरचं टनेल. कायमच्या कामासाठी भाड्याचा सर्व्हर, त्यावर एचटीटीपीएस आणि बाहेर फक्त ८० आणि ४४३.

काय उघडायचं नाही, तेही सांगायला हवं. मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, रेडिसचं ६३७९ आणि मोंगोडीबीचं २७०१७ इंटरनेटवर कधीही उघडू नका. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डशिवाय उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसले आणि त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यांना ते शोधावे लागले नव्हते. उघडी पोर्ट हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क. ईआरपीनेक्स्ट तुम्ही मोफत वापरू शकता, बदलू शकता, दुसऱ्यालाही बसवून देऊ शकता आणि बसवून देण्याचे पैसेही घेऊ शकता. लिनक्सवरचं डॉकर इंजिनही मुक्त आहे.
- डॉकर डेस्कटॉपची अट. विंडोज आणि मॅकवर वापरतात ते डॉकर डेस्कटॉप वैयक्तिक वापर, शिक्षण आणि छोट्या व्यवसायांसाठी मोफत आहे. छोटा व्यवसाय म्हणजे २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल. सरकारी कार्यालयांना सशुल्क वर्गणी लागते. नगरपरिषदेत किंवा पंचायत समितीत काम करून देणाऱ्यांनी हे आधी पाहावं. पॉडमन हा मुक्त पर्याय आहे आणि त्यातही '-पी' असंच चालतं.
- शेतकऱ्यांची, गिऱ्हाइकांची माहिती. अडतीच्या वहीत शेतकऱ्याचं नाव, मोबाइल आणि बँक खातं असतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे. चाचणीसाठी खोटी नावं आणि खोटे क्रमांक वापरा.
- दुसऱ्याचं उघडं दार. कोणाचं पोर्ट उघडं सापडलं म्हणजे आत जायची परवानगी मिळाली असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी आत शिरणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महाविद्यालयाच्या किंवा कंपनीच्या नेटवर्कवर टनेल लावतानाही आधी परवानगी घ्या.
- घुसखोरी झाली तर. कंपन्या आणि सेवा देणाऱ्या संस्थांनी ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायच्या आहेत. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हे सांगितलं आहे. पैसे गेले असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. नोंदी पुसू नका, तोच पुरावा असतो.

बंद करताना

काम झालं की 'डॉकर कंपोज -एफ पीडब्ल्यूडी.वायएमएल डाउन' द्या. कंटेनर जातात, दार बंद होतं, डेटा राहतो. याच आज्ञेला शेवटी '-व्ही' जोडलं, तर डेटाही पुसला जातो आणि तो परत मिळत नाही. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवताना हे अक्षर तेवढं पाहून घ्या.

आज लॅपटॉप उघडलात की आधी 'डॉकर पीएस' द्या आणि 'पोर्ट्स'चा रकाना वाचा. जिथे ०.०.०.० दिसेल, तिथे ते दार दुसऱ्या कोणासाठी मुद्दाम उघडलं होतं का, हे आठवा. उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या प्रवासाला लॅपटॉप पिशवीत घालण्याआधी त्या ओळीत १२७.०.०.१ लिहून कंटेनर नव्याने सुरू करा.